पेढा आणि प्रभुभोजन

दसरा जवळ आला की बजाजनगरातल्या आपल्या घरसभांत दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. वाळूजच्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रे धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, नारळ फुटतो आणि पाळी सुटताना कामगाराच्या हातावर पेढा ठेवला जातो. तो पेढा ख्रिस्ती माणसाने खावा की खाऊ नये? पवित्र शास्त्रात याची थेट आज्ञा सापडत नाही, म्हणून तासतासभर बोलणे होते. कोणी म्हणतो, देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून घ्यावा, पण तोंडात घालू नये. कोणी म्हणतो, हात पुढे केला तिथेच प्रसाद मानला गेला. एक वृद्ध माउली सांगते की तिच्या मालकांनी नोकरीची सगळी वर्षे तो पेढा रुमालात बांधून घरी आणला आणि तिने तो दारच्या गायीला घातला. हे बोलणे मी हलके मानत नाही. आपल्या आजापणजांनी गावजत्रेतले वाट्याला आलेले काम नाकारले तेव्हा त्यांना पोटाची झळ सोसावी लागली. ती आठवण आपल्यात अजून जिवंत आहे. पण गेल्या तीस वर्षांत आपल्या सभांत निघालेल्या प्रश्नांची मी मनाशी उजळणी करतो, तेव्हा जे प्रश्न कधीच निघाले नाहीत त्यांची मला अधिक लाज वाटते.

या मुलखात सुवार्ता रुजली ती बहुतांशी महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नजी नवरोजी हे पारशी कुळातले धर्मांतरित औरंगाबादेत राहून खेडोपाडी हिंडले. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. गावाच्या पाणवठ्यावर ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांना मंडळीत बसायला जागा मिळाली आणि मुलांच्या हातात पाटी आली. त्याबरोबर काय सोडायचे याची एक यादीही आली : कुंकू, ताईत, जत्रा, तमाशा, दारू. यादी स्पष्ट होती, पाळता येण्याजोगी होती, आणि ती पाळली की आपण निर्मळ झालो असे वाटे. जात त्या यादीत तोंडाने होती, घरात नव्हती. महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले एकाच छपराखाली एकच गीत गाऊ लागले. सोयरिकीची वेळ आली की मात्र ज्याने त्याने आपला जुना वाडा गाठला. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट आपण व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोवळ्याला धरून बसल्या होत्या. वर्षे गेली, त्या स्वतःच्या विचाराने एकेक पायरी उतरल्या, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी आधी जात टाकली, मग बाप्तिस्मा घेतला. आपण बाप्तिस्मा घेतला आणि जात पुढच्या पिढीसाठी जपून ठेवली. आजही आपल्या मुलामुलींच्या स्थळांच्या कागदावर धर्म ‘ख्रिस्ती’ लिहिलेला असतो, आणि फोनवर पहिल्याच मिनिटाला हळू आवाजात विचारले जाते, ‘पण मूळचे कोणते?’ मीही माझ्या मुलीच्या वेळी हेच विचारले होते. तेव्हा ते मला पाप वाटले नाही, चौकशी वाटली.

पेढ्याच्या चर्चेत आपण पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र उघडतो, आठवा अध्याय काढतो. करिंथच्या बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा देवळातल्या बळीचे असे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा त्या अन्नाने कोणी बाटत नाही, हे पौल मान्य करतो. तरीही माझ्या खाण्याने दुबळ्या मनाचा भाऊ कोसळणार असेल, तर मी ते मांस सोडीन, असे तो ठरवतो. म्हणजे त्याने पानातल्या अन्नावरून नजर उचलून पलीकडे बसलेल्या माणसाकडे नेली. आपण ती पुन्हा अन्नावर आणून ठेवली. पेढ्याने मी विटाळेन का, हा आपला प्रश्न आहे. नीट ऐकले तर तो फार जुना प्रश्न आहे. ज्या विटाळाने आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले, त्याचीच ती भाषा आहे.

या भाषेची खरी क्रूरता मला एका ठरावाने दाखवली, आणि तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. मंडळीचे नाव मी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कंत्राटावर काम करणाऱ्या एका विश्वासणाऱ्याच्या मुलाला अनुसूचित जातीच्या दाखल्यावर शिक्षणाला प्रवेश मिळाला. दाखल्यावर धर्म ‘हिंदू’ होता. कोणीतरी कमिटीकडे तक्रार केली. आम्ही सातजण बसलो, प्रार्थना केली आणि ठरवले की कागद दुरुस्त होईपर्यंत बापाला प्रभुभोजन द्यायचे नाही आणि मुलाचे दृढीकरण करायचे नाही. ठरावाच्या आधारासाठी मी त्याच पत्राचा अकरावा अध्याय दिला. अयोग्य रीतीने प्रभूची भाकर घेणाऱ्याविषयीचा इशारा त्यात आहे. तो इशारा कोणाला दिला होता, हे मी त्या रात्री वाचले नाही. करिंथात सुखवस्तू लोक आधी येऊन आपापले जेवून घेत, आणि मागून येणारे गरीब प्रभूच्या मेजापाशी उपाशी राहत. पौलाचा संताप गरिबांना लाजवणाऱ्यांवर आहे. आम्ही ते शब्द उचलले आणि गरिबालाच मेजावरून उठवले. आठव्या अध्यायापासून अकरावा तीनच अध्याय पुढे आहे. तेवढे अंतर चालायला मला एवढी वर्षे लागली.

त्या बापाने लिहिले ते खरे होते असे मी म्हणत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितले की प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक होय. खोटे ते खोटेच. पण त्या माणसाला दाखल्याच्या खिडकीपाशी कोणी नेऊन उभे केले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. एका आजोबांची दोन नातवंडे, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. एकाच गल्लीत राहतात, गावी गेली की दोघांनाही एकाच जातीच्या नावाने हाक मारली जाते. शिवी पडली तर ॲट्रॉसिटीचा कायदा एकाच्याच मागे उभा राहतो. ज्या घराला ख्रिस्त आणि मुलाचे शिक्षण यांतून एक निवडायला लावले आहे, त्या घरात आम्हा सातजणांपैकी एकही अर्ज भरण्याच्या दिवशी जाऊन बसला नाही. फीची चौकशी कोणी केली नाही. सत्य बोल असे सांगायला सगळे होते. त्याची किंमत वाटून घेऊ असे म्हणायला एकही नव्हता. आणि त्या सातांतल्या किमान दोघांनी त्याच वर्षी चांगले चालून आलेले स्थळ ‘ते आपल्यातले नाहीत’ म्हणून परत पाठवले होते. त्यावर ठराव झाला नाही. ज्याचा खोटेपणा सरकारी कागदावर होता तो पापी ठरला. ज्यांचा सोयरिकीत होता ते पंच झाले.

एकदा नजर अशी घडली की तिला पुढचेही दिसत नाही. २०२३ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले ६ कामगार मेले. तो रविवार होता. सकाळी आपण उपासनेला होतो, रात्री वर्षअखेरच्या उपासनेलाही. मृतांसाठी प्रार्थना झाली. पण आपल्या बाकांवर ठेकेदार बसतात, सुपरवायझर बसतात, खोल्या भाड्याने देणारे बसतात. परगावच्या पोरांना कामाच्या जागीच पथारी टाकायला सांगणे योग्य का, हा प्रश्न त्या रात्री कोणी काढला नाही, त्यानंतरच्या एकाही घरसभेत मी तो ऐकला नाही. मीही काढला नाही. जिथे धंदा आहे तिथे ‘चालवून घ्यावे लागते’ असे आपण म्हणतो, आणि जिथे पेढा आहे तिथे शास्त्र उघडतो.

आपले आजापणजे ज्या धैर्याने गावकीपुढे उभे राहिले ते धैर्य आपल्या रक्तातून गेलेले नाही. परवा घरसभेत एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने सरळ विचारले, ‘पेढ्याचे राहू द्या, मला मातंग घरातले स्थळ आले तर आपली मंडळी काय म्हणेल?’ खोलीत कोणी बोलले नाही. तिची आई मान खाली घालून बसली. मग त्याच माउलीने, जिने इतकी वर्षे पेढा गायीला घातला, तिला जवळ बोलावून शेजारी बसवले आणि आता याखेरीज दुसरा कोणताही प्रश्न घेऊ नका असे सगळ्यांना सांगितले. त्या संध्याकाळी अकरावा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला गेला.

तो बाप अजूनही नाताळला येतो. शेवटच्या बाकावर बसतो आणि भाकर मोडायच्या आधी उठून बाहेर जातो. मुलगा आता येत नाही. कमिटीची बैठक येत्या महिन्यात आहे. ठराव मागे घेण्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, आणि त्याआधी त्या घरी जाऊन यायचे आहे.