नोकरीमागची करसवलत कोणाच्या वहींत जमा होते?

नव्या माणसांस काम देणाऱ्या धंदेवाल्यास सरकार प्राप्तिकरांत सूट देतें, हें आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. ज्यांच्या मुलांच्या नांवावर ही सूट घेतली जाते त्यांच्या कानीं ती पडत नाहीं. ठाऊक असते ती मालकास व त्याच्या हिशेबनिसास. म्हणून तिचा हिशेब आज येथें मांडून दाखवितों.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यांत ही सवलत १९९८ सालीं घातली गेली. आरंभीं ती कारखानदारीपुरती होती. २०१६ सालीं ती इतर धंद्यांसही लागू झाली, व २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेंही ती पुढें चालविली आहे. महिना २५,००० रुपयांपर्यंत पगाराचा वाढीव माणूस ठेवावा, पगार बँकेंतून द्यावा, त्याचें नांव भविष्य निर्वाह निधींत घालावें व वर्षांत निदान २४० दिवस काम द्यावें. कपडे, पादत्राणें व चामडें यांच्या धंद्यांत १५० दिवस पुरतात. एवढें केलें कीं त्या पगाराच्या शेकडा ३० इतकी रक्कम मालकाच्या करपात्र उत्पन्नांतून तीन वर्षें वजा होते. पगार खर्च म्हणून वजा झालेला असतोच. ही वजावट त्याच्या वर. म्हणजे मजुरास १०० रुपये द्यावे आणि पहिल्या वर्षीं वहींत १३० वजा करावे, आणि हें सारें कायद्यानें!

महिना १५,००० वर ठेवलेल्या एका मुलाचे वर्षाचे १,८०,००० होतात. त्यांचे शेकडा ३० म्हणजे ५४,०००. कराचा दर शेकडा २५ धरला तर मालकाचे वर्षास १३,५०० व तीन वर्षांत ४०,५०० रुपये वांचतात. अशीं पन्नास माणसें असलीं तर ही रक्कम २० लाखांवर जाते. रिकाम्या हातांस काम मिळत असेल तर या पैशाबद्दल आमची कुरकुर नाहीं. पण तें कोणास मिळतें?

गांवचा तेली, लोहार, कुंभार, कोष्टी यांच्या दुकानांतही तीन-चार हात राबतात. पण ज्यास हिशेबतपासणी सक्तीची आहे त्यासच ही सूट, आणि ती सक्ती साधारणपणें वर्षाची उलाढाल १ कोटीवर गेल्यावर येते. रोखीचा व्यवहार अगदीं थोडा असेल तर १० कोटींवर. ज्यास कर भरण्याइतकी मिळकतच नाहीं त्यास करांतली सूट म्हणजे भूमिहीनास शेतसाऱ्याची माफी!

दुसरी गोष्ट २४० दिवसांची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें वर्षांत २४० दिवस भरलेल्या कामगारास कपातीच्या वेळीं नोटीस व भरपाई यांचा हक्क दिला होता. तेव्हांपासून हा आंकडा भरूं न देण्याची चाल कारखान्यांत रुळली. एक कायदा २४० दिवस भरविल्याबद्दल बक्षीस देतो, तर दुसरा तेवढ्याच दिवसांनीं मालकाच्या गळ्यांत जबाबदारी घालतो. मालक दोन्ही तराजूंत घालून पाहतो. पारडें कोणीकडे झुकतें तें सात-आठ महिन्यांनीं 'ब्रेक' देऊन घरीं बसविलेल्या मुलांच्या बापांस विचारावें. पुष्कळांस तर कंत्राटदारामार्फतच घेतात. राबायचें कंपनींत, आणि नांव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. शिवाय तीन वर्षांची सूट संपल्यावर तो माणूस कामावर राहिला कीं नाहीं, हें कायदा विचारीत नाहीं.

महाराष्ट्र सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना तर १९६४ पासूनची. कारखाने मुंबई-पुण्याबाहेर जावे हा तिचा हेतु. तालुका जितका मागासलेला तितकी सवलत अधिक. अलीकडच्या योजनांत राज्याच्या वाट्याचा कर कारखान्यास परत मिळतो. २००८ च्या सरकारी ठरावानें शेकडा ८० नोकऱ्या स्थानिकांस द्याव्या असें ठरलें. पण स्थानिक कोण? तर महाराष्ट्रांत १५ वर्षें राहिलेला. मागासलेपण दाखवायचें गडचिरोलीचें, आणि माणूस ठाण्याचा घेतला तरी अट पुरी होते!

आमचें सरकारास मागणें एवढेंच कीं, अशी सूट घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यानें ज्यांच्या नांवावर ती घेतली त्यांची यादी व त्यांचे भरलेले दिवस मराठींत फाटकावर लावावे. लहान कारागिराने एखादा माणूस ठेवला तर करांतली सूट न दाखवितां त्या माणसाच्या निर्वाह निधीचा मालकाकडील भाग सरकारनें भरावा.

आणि बंधूंनो, तुमचा मुलगा कामावर लागला असेल तर त्याच्या निर्वाह निधीचा १२ आंकडी नंबर मालकाकडून मागून घ्या. खातें उघडून पाहा. पैसे कोणत्या महिन्यापासून जमा होत आहेत, मालक म्हणून कंपनीचें नांव आहे कीं कंत्राटदाराचें, हें वाचून घ्या. कामाचे दिवस घरच्या वहींत स्वतः मांडीत जा. २४० जवळ आले असतां मुलास घरीं बसविलें, तर ती वही घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे जातां येईल.