घरबसल्या पदवी

दिवाळीच्या फराळापाशी कर्जाची वही उघडू नये, असे आमची आई म्हणत असे. पण लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांचीच तर पूजा करतो! तेव्हा वाचकांनी क्षमा करावी; त्या वहीतले एक पान मी आज उघडणार आहे.

माझा भाचा अहेरीजवळ आलापल्लीला एका दुकानात हिशेब लिहितो. पगार बारा हजार. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोबाइलवर 'घरबसल्या एम.बी.ए.'ची जाहिरात आली आणि पाठोपाठ फोन सुरू झाले. पलीकडची बाई अशी गोड बोले, की सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थानेही तिच्यापुढे हात टेकावेत! फी होती एक लाख ऐंशी हजार. पण हा आकडा तिने कधी उच्चारला नाही. "दरमहा फक्त साडेसात हजार, सर, आणि तेही बिनव्याजी!"

बिनव्याजी! आमच्याकडे भर उन्हाळ्यात तेंदूची पाने मोजून पुडकी बांधणाऱ्या बाईलाही ठाऊक असते, की फुकट उसने कोणी देत नाही. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज फीच्या पोटात दडलेले असते. कर्ज देणारी संस्था आपले व्याज कापून उरलेली रक्कम कंपनीला एकदम देते, आणि मुलगा त्या संस्थेचा ऋणको होतो. शिकवणी आवडो न आवडो, हप्ता चुकत नाही.

शिवाय वरखर्च. जुना लॅपटॉप अठ्ठावीस हजारांना आला. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, घरूनच द्यायची. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क यांची जणू पैज लागलेली असते, आधी कोण जाते ती! म्हणून भाचा रजा टाकून एस.टी.ने चंद्रपूरला गेला आणि लॉजमध्ये तीन रात्री राहिला. घरबसल्या म्हणतात ते हेच काय? दुसऱ्या सत्रानंतर त्याने अभ्यास सोडला. हप्त्याने त्याला सोडले नाही.

कोणी म्हणेल, नागपूरला खोली घेऊन शिकण्यापेक्षा हे स्वस्तच. कबूल आहे. एटापल्ली-भामरागडच्या ज्या मुलीला घराबाहेर पाठवत नाहीत, तिला तर हेच एक दार उघडे आहे. माझे भांडण दाराशी नाही, दारावर बसून टोल घेणाऱ्याशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात हीच पदवी साठ-पासष्ट हजारांच्या घरात मिळते. नाशिकला १९८९ पासून आपले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मग वरचे लाखभर रुपये कशाचे? त्यातले कितीतरी त्या जाहिरातीचे आणि त्या गोड फोनचे, असे मी म्हणतो. खोटे असेल तर कंपन्यांनी आपला हिशेब छापावा!

केंद्राच्या शिक्षण खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावध केले होते: अशा कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापण्याची मुभा देऊ नका. उत्तम सल्ला! पण जाहिरात अहेरीच्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचली. सल्ला आमच्या घरी पोहोचला तो सहा हप्ते कापले गेल्यावर. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. प्रत्येक तालुक्याला एक खोली द्या, चार संगणक, तारेचे इंटरनेट आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी. परीक्षेला आलेल्या मुलाला तिथे बसू द्या. एवढेच मागणे आहे, आणि ते मी सरकारी कचेरीत लेखी दिले आहे. पोच मिळाली, खोली नाही.

परवा बहिणीच्या फोनवर पुन्हा तसाच गोड आवाज आला, या वेळी धाकट्या भाचीसाठी. फोन मी घेतला.

"एकूण किती?"

"दरमहा फक्त—"

"बाई, एकूण किती?"

फोन बंद झाला.