विश्लेषण: हौशी, प्रायोगिक की व्यावसायिक? नाटकावरच्या या पाट्यांचा नेमका अर्थ काय?

‘प्रायोगिक नाटक आहे, त्यामुळे मानधन नाही,’ हे वाक्य तरुण रंगकर्मींना नवे नाही. पण प्रायोगिक असणे आणि फुकट काम करणे यांचा संबंध काय? गोंधळ शब्दांचा आहे आणि भुर्दंड कलाकारांना पडतो.

हौशी म्हणजे काय?
ज्यांचे पोट नाटकावर अवलंबून नाही, अशांनी केलेले नाटक. ‘हौशी’ म्हणजे कच्चे, असे मुळीच नाही.

व्यावसायिक म्हणजे?
निर्माता पैसा गुंतवतो, तिकीटविक्रीतून तो वसूल करतो आणि कलाकारांना प्रत्येक प्रयोगाची ‘नाइट’ मिळते. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय हौशी आणि व्यावसायिक नाटकांच्या स्पर्धा वेगवेगळ्या घेते, ते याच फरकामुळे.

मग प्रायोगिक?
हा शब्द पैशांबद्दल काहीच सांगत नाही. विषय, मांडणी, अभिनय किंवा रंगमंचाचा वापर यांत नवे काही करून पाहणारे नाटक ते प्रायोगिक. मराठीत नाटकाच्या प्रत्येक खेळालाही ‘प्रयोग’च म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

फरक का महत्त्वाचा?
इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हे दोन वेगळे अक्ष आहेत. एक अर्थकारणाचा, दुसरा आशय-शैलीचा. 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले, तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने डॉक्टर होते. कलाकारांची मानवी भिंत उभी करणारे ते नाटक हौशीही होते आणि प्रायोगिकही. उलट, आई आणि तिच्या तीन मुलींच्या तोंडून लग्नव्यवस्थेला थेट प्रश्न विचारणारे ‘चारचौघी’ 1991 मध्ये आले ते व्यावसायिक रंगभूमीवर. पाटी बदलतेही. ‘ऑल द बेस्ट’ आधी एकांकिका होती, पुढे ते व्यावसायिक रंगभूमीवरचे तुफान चाललेले नाटक झाले.

प्रायोगिक संस्थांकडे पैसा कमी असतो, हे खरेच. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बहरलेली चळवळही तुटपुंज्या साधनांवरच उभी राहिली. पण पैसे नसतील तर ‘पैसे नाहीत’ असे स्पष्ट सांगावे. त्यासाठी ‘प्रायोगिक’ शब्दाची ढाल नको. प्रेक्षकांनीही ही पाटी पाहून ‘आपल्याला कळणार नाही’ असे गृहीत धरू नये. ‘प्रायोगिक’ म्हणजे दुर्बोध नव्हे आणि फुकट तर नव्हेच नव्हे.