काचेचा डबा आणि डोंगराचा हिशोब



सुट्ट्या लागल्या की वस्तीतली मुले एकच विषय काढतात. माथेरानच्या गाडीला काचेचा डबा असतो म्हणे, आपण त्यात कधी बसायचे? प्रश्न मुलांचा असला तरी उत्तर बापाच्या खिशाला द्यावे लागते. म्हणून या आठवड्यात आम्ही या डब्याचाच हिशोब मांडतो. कारकुनी पेशा असल्यामुळे जमा आणि खर्च या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही.

आधी जमेची बाजू. नेरळ ते माथेरान हा सुमारे 20 किलोमीटरचा मार्ग. रुळांमधले अंतर फक्त दोन फूट. एवढ्या चिंचोळ्या रुळांवरून गाडी सुमारे साडेसातशे मीटर उंची चढते. कुठे कुठे वीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. सरळ चढणे शक्य नाही म्हणून गाडी डोंगराला वळसे घालत जाते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने घेत ती वर पोहोचते. रेल्वेवाले ज्याला व्हिस्टाडोम म्हणतात, त्या डब्याला मोठमोठ्या खिडक्या आणि छतालाही काच असते. त्यामुळे खालची दरी आणि वरचा कडा एकाच वेळी दिसतो. 2019 च्या पावसाळ्यात मार्ग खचून बंद पडलेली ही गाडी 22 ऑक्टोबर 2022 रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा हा डबा तिला जोडलेला होता.

आता खर्चाची बाजू. काचेच्या डब्याचे तिकीट सेकंड क्लासच्या कित्येक पट पडते. चार माणसांचे कुटुंब असेल तर महिन्याचा किराणा डोळ्यांसमोर उभा राहतो. आमचे मत विचाराल तर सेकंड क्लासच्या खिडकीला बसावे. इंजिन तेच, वळणे तीच, दरीही तीच. वारा मात्र तोंडावर येतो. मुलांनी हट्ट धरला तर त्यांना सांगावे की डोंगर तिकीट पाहून कमी-जास्त दिसत नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा.

परंतु एक रकाना अजून रिकामाच आहे. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधले असे पुस्तकांत लिहिलेले असते. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ठाकर, कातकरी, धनगर लोकांना मग ते ठाऊकच नव्हते काय? रेल्वेचेही तसेच. आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात मार्ग पुरा केला. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ज्या हातांनी कातळ फोडला, भराव घातले, त्यांची नावे कोणत्या पाटीवर आहेत? 2005 च्या महापुरात हा मार्ग उद्ध्वस्त झाला आणि 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. तोही कामगारांच्या घमेल्या-फावड्यांनीच. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या रेल्वेचे नाव आहे. या वारशात त्या हातांचाही वाटा धरला पाहिजे.

गाडीतून उतरल्यावर तर हिशोब अधिकच बोचतो. माथेरानात मोटारींना बंदी. त्यामुळे वर्षानुवर्षे तेथे माणसाने माणसाला ओढले. पुढे एक ओढणारा, मागे ढकलणारे, आणि मध्ये आरामात बसलेला पाहुणा! अशा हातरिक्षांचे 94 परवानाधारक होते. त्यांच्यासाठी ई-रिक्षाचा प्रयोग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. पुढे 6 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवली. सहा महिन्यांत ती बंद करा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, असा आदेश राज्य सरकारला दिला. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही बजावले. नुसती रिक्षा बंद करून माणूस उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे, हे या आदेशातले मर्म आहे. ई-रिक्षा ज्याने ओझे ओढले त्याच्याच हाती पडली पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. त्यावर आपल्या कार्यकर्त्यांनी नजर ठेवावी.

तेव्हा माथेरानला जरूर जावे. मुलाबाळांना घेऊन जावे. डबा काचेचा असो वा साधा, मुलांना दरी दाखवावी आणि रुळांखालची खडीही दाखवावी. स्टेशनवरून पायी चालावे. म्हातारे माणूस सोबत असेल तर ई-रिक्षात बसवावे आणि चालवणाऱ्याची दोन शब्द विचारपूस करावी. माणसाच्या खांद्यावर बसून पाहिलेला डोंगर कितीही सुंदर असला तरी तो आपल्या जमेच्या बाजूला लिहिता येणार नाही.