टाळेबंदी उठली, मनावरचा भार?

मार्च २०२० मध्ये छत्तीसगडमधील पहिला कोरोना-रुग्ण रायपुरात आढळला. त्याच महिन्यात शहरातील महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत रायपूर पुन्हा टाळेबंद झाले. शिक्षण मोबाइलवर गेले. बस्तर-सरगुजातील ज्या शेतकरी-आदिवासी विद्यार्थ्याच्या घरी मोबाइल नव्हता वा गावात रेंज नव्हती, तो वर्गाबाहेरच राहिला. बापाची मजुरी बुडालेली, घरात आजार, परीक्षा अनिश्चित! अशा कोंडीत तरुण मन खचले, तर तो दोष मनाचा नव्हे, परिस्थितीचा होय.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशात २०२० मध्ये १२,५२६, तर २०२१ मध्ये १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या सर्वांचे कारण साथ नव्हते, हे खरे. परंतु साथीने जुनीच जखम उघडी केली. केंद्र सरकारने २०२० मध्ये 'मनोदर्पण' ही समुपदेशन-सेवा सुरू केली. तिचे स्वागतच आहे. पण शुल्क, वसतिगृह आणि नोकरी यांची चिंता केवळ धीराच्या शब्दांनी मिटत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला. तो कागदावर राहता कामा नये. समुपदेशकांच्या कायम नेमणुका, वेळेवर शिष्यवृत्ती, पुरेशी वसतिगृहे आणि साथीच्या काळात शुल्कमाफी, या मागण्यांसाठी विद्यार्थी, शिक्षक व कामगार संघटनांनी एकजुटीने उभे राहिले पाहिजे. पुढची साथ सांगून येणार नाही.