बिघडलेला डाव

गोल्फच्या खेळांत फटके जितके कमी तितकें यश अधिक. या खेळाचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो: डाव कितीही बिघडो, खेळाडूनें आपल्या गुणपत्रकावर स्वतः सही केलीच पाहिजे, जाणूनबुजून कमी आकडा मांडला तर तो स्पर्धेंतून बाद होतो.

सन २०११ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील ऑगस्टा येथें मास्टर्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशीं रोरी मॅकिलरॉय हा २१ वर्षांचा आयरिश तरुण चार फटक्यांनीं आघाडीवर होता. दहाव्या होलवर चेंडू झाडावर आदळून भलतीकडे गेला, तेथें सात फटके लागले, आणि दिवसाअखेर ८० फटके होऊन तो पंधराव्या स्थानीं घसरला. तरी तो वार्ताहरांपुढें उभा राहिला व प्रश्नांस उत्तरें दिलीं. पुढें जूनमध्यें अमेरिकन ओपन स्पर्धा त्यानें आठ फटक्यांनीं जिंकली. मास्टर्सचा मान मात्र त्यास २०२५ सालींच लाभला.

विद्यार्थी मित्रहो, नापासाचा शेरा असलेलें प्रगतिपुस्तक दप्तरांत दडवूं नका. कोणतें गणित कोठें चुकलें तें त्याच सायंकाळीं पाहा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, सही करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आपल्या रागाच्या भयानेंच मुलें आकडे लपवूं लागतात. उघडी पडलेली चूक सुधारतां येते. लपविलेली मात्र पुढील इयत्तेंत सोबत येते.