वाळल्या फुलांची चित्रकार
फुलं रंगवणं हा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घरंदाज मुलींचा विरंगुळा समजला जाई. मटिल्डा स्मिथने त्याच कामात अख्खी हयात घातली. ती जन्मली १८५४ मध्ये, मुंबईत, आणि तान्हेपणीच विलायतेला गेली. क्यू उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर तिचे नातलग. त्यांनी तिला हाताशी धरून शिकवलं आणि १८७८ पासून ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये तिची चित्रं येऊ लागली. पुढच्या ४५ वर्षांत २,३०० हून अधिक! मला मात्र या आकड्यापेक्षा तिचं दुसरं कसब थोर वाटतं. दूरदेशांहून क्यूला येणारे कित्येक नमुने वाळलेले, कागदात दाबून सपाट झालेले असत. जिवंतपणी हे झाड कसं उभं असेल, पान कुठे वळलं असेल, पाकळी किती उमलली असेल, हे ती त्या पाचोळ्यावरून ताडायची आणि कागदावर उतरवायची. त्याला नुसता सफाईदार हात पुरत नाही, वनस्पतीची रचना मनात पक्की असावी लागते. अशा बाईंना ‘हौशी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. क्यूने अधिकृत चित्रकाराचं पद दिलं ते १८९८ मध्ये, वीस वर्षं काम करून घेतल्यावर. लिनियन सोसायटीचं सहयोगी सदस्यत्व मिळालं १९२१ मध्ये, पासष्टी उलटल्यावर. मेक्सिकोकडच्या एका फुलझाडाच्या प्रजातीला, स्मिथिअँथाला, तिचं नाव मात्र त्याआधीच लागलं होतं.